आग झोपेत, बंब जबड्यात

उणकलच्या माणसाचा जबडा दुखू लागला की त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न वैद्यकीय नसतो, बसचा असतो. तळ्याच्या थांब्यावरून कोणत्या दिशेची चिगरी बस धरायची? हुबळीकडे जावं तर विद्यानगरात किम्स आहे. १९५७ साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तिथे कान-नाक-घसा पाहतात. धारवाडकडे जावं तर सत्तूरला एसडीएमचं दंत महाविद्यालय आहे, १९८६ सालचं. दुखतं ते कानापुढे बोटभर अंतरावर, म्हणजे प्रकरण हुबळीचं. पण दुखतं ते घास चावताना, म्हणजे प्रकरण धारवाडचं. जबड्याच्या सांध्याचं भौगोलिक दुर्दैव उणकलसारखंच आहे : दोन मोठ्यांच्या मध्ये वसलेला, दोघांच्याही हद्दीत असलेला आणि म्हणून अडचणीच्या वेळी कुणाच्याच हद्दीत नसलेला. कानवाले म्हणतात कान स्वच्छ आहे, दाढ दाखवा. दातवाले म्हणतात दाढ ठणठणीत आहे, टेन्शन घेता का? टेन्शन तोवर आलेलं असतंच. हुबळी आणि धारवाड १९६२ साली एका महानगरपालिकेत आले. मानेच्या वरच्या भागात मात्र अजून हद्दीचा वाद चालू आहे. या वादात एक तिसरा पक्ष कुणी हजरच करत नाही, तो म्हणजे झोप. दोन्ही दिशांचे दवाखाने दिवसा उघडतात, रुग्णाला दिवसा तपासतात आणि दिवसाचे प्रश्न विचारतात. दुखण्याचा मोठा भाग रात्रीत शिजतो, आणि रात्रीची ओपीडी कुठल्याही दिशेला नसते. दुखऱ्या जबड्याच्या प्रकरणात दाताला फार लवकर धरलं जातं आणि झोपेला फार उशिरा, कधी कधी मुळीच नाही, एवढंच इथे पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी खुद्द सांध्याची बाजू ऐकून घेऊ. खालचा जबडा हे एकच हाड, दोन्ही टोकांनी कवटीला टांगलेलं. त्यामुळे डावा सांधा उजव्याला विचारल्याशिवाय काहीही करू शकत नाही. तोंड उघडताना सांधा आधी जागच्या जागी फिरतो, मग पुढे घसरतो. मध्ये एक चकती असते, तिनंही सोबत घसरायचं असतं. ती कधी मागे राहते, कधी उडी मारून जागेवर येते आणि ‘कट्’ असा आवाज होतो. हा आवाज ऐकून माणसं घाबरतात. पण नुसता आवाज होत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्यावर उपचाराची गरज नसते. तोंड किती उघडावं याचं घरगुती माप आहे : स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये मावली पाहिजेत. (ही परीक्षा घरीच द्यावी. सकाळी उणकल तळ्याच्या बागेत फिरायला येणाऱ्यांनी ती रांगेत बसून दिली, तर हा योगाचा कुठला नवा प्रकार म्हणून शेजारच्या बाकावरही सुरू होईल.) बोटं मावली नाहीत म्हणून सगळा दोष सांध्यालाही देऊ नये, सुपारी पिकवण्यात कर्नाटक देशात पहिलं आहे, आणि गुटखा-सुपारीनं गालाचं आतलं अस्तर ताठरलं तरी तोंड उघडेनासं होतं. तो गुन्हा वेगळा, आणि जास्त गंभीर. राहता राहिला कामाचा बोजा. एका जुन्या मोजमापाप्रमाणे चोवीस तासांत वरचे-खालचे दात एकमेकांना खरोखर टेकतात ते जेमतेम सतरा-अठरा मिनिटं, त्यात चावणं आणि गिळणं दोन्ही आलं. कडक भाकरी, सावजीचं मटण, गिरमिटातले शेंगदाणे, सगळं त्या पाव तासात बसतं. उरलेला सगळा वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची निसर्गदत्त रजा आहे. ती तो उपभोगतो की नाही, हा प्रश्न.

आता फिर्याद. कोणत्याही गोंधळात जो आवाज करतो तो आधी पकडला जातो, आणि रात्रीच्या तोंडात आवाज करतात ते दात. लहान मूल झोपेत कराकरा दात खाऊ लागलं की घरातल्या आजीचा निकाल तयार असतो : जंत झालेत. त्यावर अपील नाही. सरकारनंही २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू करून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी द्यायला घेतली आहे. जंतांसाठी ती गोळी उत्तम, ती घ्यावीच; पण दात खाणं हे मुलांमध्ये बरंच आढळतं आणि वयाबरोबर बहुधा आपोआप कमी होत जातं. मूल मोठं होतं, आवाज थांबतो, आणि श्रेय आजी घेते. मोठ्या माणसाच्या बाबतीत जंतांची जागा ‘चुकीचा बसलेला दात’ घेतो. शास्त्रज्ञांनीही याहून वेगळं काही केलं नाही. अमेरिकेत सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली अकरा रुग्णांची हकिगत छापली : कानाजवळ दुखणं, कानात आवाज, डोकं जड, आणि कारण काय, तर दाढा पडल्यामुळे बिघडलेली चाव्याची ठेवण. अकरा माणसांवरून आलेल्या या सिद्धांतानं पुढची कितीतरी दशकं जगभरचे दात घासले गेले, उंचावले गेले, त्यांच्यावर टोप्या चढल्या. शरीररचनेच्या अभ्यासकांनी नंतर या मांडणीतले दोष दाखवले, पण तोवर ड्रिलचं यंत्र सुरू झालेलं होतं, आणि सुरू झालेलं ड्रिल ऐकत नाही.

फिर्याद तपासायची तर माणसाला एक रात्र तारा लावून झोपवावं लागतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००९ साली जबडा दुखणाऱ्या ५३ रुग्णांना असं झोपवलं. ‘आम्ही झोपेत दात खातो’ असं सांगण्याच्या निकषात त्यांच्यापैकी ७५ टक्के बसले. यंत्राच्या निकषात बसले १७ टक्के. मात्र त्याच तपासणीत ३६ टक्क्यांना निद्रानाश निघाला, २८ टक्क्यांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार निघाला, आणि ४३ टक्क्यांना झोपेचे दोन किंवा त्याहून जास्त विकार निघाले. म्हणजे माणसं दातांचा गुन्हा कबूल करून गेली आणि घरझडतीत माल सापडला झोपेच्या खोलीत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली याहून मोठा पंचनामा केला : जबड्याचे स्नायू दुखणाऱ्या १२४ स्त्रिया आणि दुखणं नसलेल्या ४६. दुखणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी दात खात असल्याचं सांगितलं. यंत्रावर दात खाणाऱ्या निघाल्या ९.७ टक्के, आणि ज्यांचं काहीच दुखत नव्हतं त्यांच्यात १०.९ टक्के. दुखणं नसलेल्यांचे दात किंचित जास्तच वाजत होते! मग इतक्या जणींना आपण दात खातो असं का वाटत होतं? बहुधा कुणी तरी सांगितलं म्हणून. आणि जबडा दुखतोय म्हटल्यावर सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. या प्रकरणाला पुढच्याच वर्षी, २०१३ साली, एक सुंदर कलाटणी मिळाली. याच संशोधकांना असं दिसलं की दुखणाऱ्या स्त्रियांचे दात जास्त वाजत नसले, तरी मधल्या शांत वेळात त्यांच्या जबड्याचे स्नायू पुरते सैल पडत नाहीत. रात्रभर थोडासा ताण धरून ठेवतात. दंगा करणारा निर्दोष सुटला, आणि ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच आली नव्हती तो गप्प बसणारा संशयित ठरला. समाजात असं पूर्वीही झालेलं आहे.

बरं, जे खरोखर दात खातात त्यांचं काय? तिथेही दात हा शेवटचा मानकरी. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी झोपेच्या प्रयोगशाळेत ही घटना सेकंदा-सेकंदानं नोंदवली आहे. आधी शरीराची स्वयंचलित यंत्रणा चाळवते. मग मेंदूच्या लहरी काही सेकंदांसाठी जागेपणाच्या दिशेनं सरकतात. मग हृदयाचे ठोके वाढतात. मग जबडा उघडणाऱ्या स्नायूंची हालचाल होते, आणि सगळ्यात शेवटी जबडा मिटणारे स्नायू दात आवळतात. झोपमोड आधी, दात नंतर. शेजारी झोपलेल्या माणसाला फक्त शेवटची पायरी ऐकू येते; त्यामुळे साक्षीदार खोटं बोलत नाही, पण फार उशिरा पोचलेला असतो. या विषयातल्या जाणकारांनी २०१३ साली व्याख्या ठरवली आणि २०१८ साली ती सुधारली, तेव्हा एरवी धडधाकट असलेल्या माणसाचं झोपेतलं दात खाणं हा रोग म्हणून न धरता एक वर्तन म्हणून धरावं, असं सुचवलं. उशीवर तोंड पुसणं, कुशीवर वळणं यांच्याच बाकावर त्याला बसवलं. आता खरा प्रश्न असा उरतो, की माणसाला रात्रीतून इतक्या वेळा अर्धवट जागं करतं कोण?

इथे कुणीही विचारेल, आणि विचारलंच पाहिजे : ज्याचा जबडा ठणकतोय त्याला झोप कशी लागणार? दुखण्यामुळे झोप गेली असेल, तुम्ही झोपेमुळे दुखणं म्हणताय. ही तर चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. आक्षेप रास्त आहे. त्याचा निकाल लावायचा तर दुखणं सुरू होण्याच्या आधीपासून माणसांवर नजर ठेवावी लागते, आणि असं काम सहसा सासूशिवाय कुणी करत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं ते केलं. त्याचं संक्षिप्त नाव ‘ओपेरा’. गंगूबाई हनगल यांच्या नावाचं गुरुकुल ज्या उणकलला आहे तिथे हे नाव ऐकून कुणी गाण्याची बैठक आहे म्हणून सतरंजी पसरेल. पण तिकडे बैठक बसली होती जबड्यांची. दुखणं नसलेल्या, १८ ते ४४ वयाच्या दोन हजार सातशेहून अधिक लोकांचा माग ठेवला गेला. दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. वर्षाला शंभरातल्या सुमारे चौघांना जबड्याचं दुखणं सुरू झालं. २०१६ साली छापलेल्या विश्लेषणात असं दिसलं, की ज्यांना पुढे दुखणं लागलं त्यांची झोप दुखण्याच्या आधीपासूनच तिमाहीगणिक खालावत गेली होती. ज्यांना लागलं नाही त्यांची तशी खालावली नव्हती. २०१३ सालच्या विश्लेषणात, ज्यांच्यात झोपेत श्वास अडखळण्याची लक्षणं ठळक होती त्यांना पुढे जबडा दुखू लागण्याचा धोका सुमारे पावणेदोन पट निघाला. झोप आधी बिघडली, जबडा मागाहून बोलला. एकदा दुखणं सुरू झालं की ते झोपेला पुन्हा खाली ओढतं, हेही खरंच. कोण आधी कोण नंतर हा प्रश्न मग जुन्या भाऊबंदकीतल्या भांडणाइतकाच निरर्थक होतो. पण पहिली काडी कुणी टाकली हे विचारण्याची सोय आता आहे, आणि काडीचा वास झोपेकडून येतो.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. त्यांचे जबडे दुखत नव्हते, तुमचेच बरे दुखतात. पूर्वजांचे जबडे दुखत होते की नाही हे पूर्वज सांगायला नाहीत, पण पुस्तकं आहेत. सुश्रुतसंहितेत निसटलेला जबडा शेकून जागेवर बसवायचा आणि वर पंचांगी बंध बांधायचा, असा उपचार दिलेला आहे. ज्या अवयवाचं दुखणंच नव्हतं त्याच्यासाठी कुणी पट्टीचा प्रकार शोधून ठेवत नाही. आणि चरकसंहितेनं आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. यातल्या पहिल्या खांबाची आपण अतोनात काळजी घेतो, तिसऱ्याची चर्चा करतो, आणि मधल्यावर मोबाईल टेकवून ठेवतो. राहिला प्रश्न धोंड्याचा. त्या म्हणीत एक अट दडलेली आहे : धोंड्यावर डोकं ठेवल्यावर कुणी उठवता कामा नये. २००७ साली याचीच परीक्षा झाली. निरोगी स्त्रियांच्या एका गटाला रात्रीतून वारंवार उठवलं. दुसऱ्या गटाला तितकीच थोडी झोप दिली, पण सलग. एकूण तास जवळपास सारखे. तरीही ज्यांची झोप तुकड्या-तुकड्यांची झाली त्यांची वेदना दाबण्याची शरीराची आतली ताकद घटली आणि कारण नसताना अंग दुखू लागलं. सलग थोडं झोपलेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे पूर्वजांचं बरोबर होतं. उशी दगडाची चालते, झोप फुटकी चालत नाही. आणि झोप फोडायची सामग्री उणकलला कमी नाही : जलपर्णीनं वेढल्या जाणाऱ्या तळ्याचे डास, रात्री-अपरात्री जाणाऱ्या आगगाड्या, महामार्गावरचे ट्रक, लग्नसराईतला डीजे, आणि या सगळ्यांनी उठवलं नाही तर उशाखाली थरथरणारा फोन, ज्यावर मध्यरात्री कुणी तरी ‘शुभ रात्री’ असा फुलांचा फोटो पाठवलेला असतो.

धार्मिक वृत्तीचा वाचक इथे रामायण काढील, आणि ते काढण्यासारखंच आहे. जबडा आणि झोप या दोन्ही विषयांचे सर्वांत प्रसिद्ध रुग्ण त्या एकाच ग्रंथात आहेत. मारुतीच्या हनुवटीवर इंद्राचं वज्र बसलं. कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपला. मारुती कुठे जन्मला याबद्दल कर्नाटक हंपीजवळच्या अंजनाद्रीचा दाखला देतं आणि महाराष्ट्र नाशिकजवळच्या अंजनेरीचा. म्हणजे या प्रदेशाच्या रिवाजाप्रमाणे तिथेही सीमावाद आहे. पण वैद्यकीय बाजू वादातीत आहे : जबड्याला मार बसलेल्याच्या झोपेची तक्रार कुठे आढळत नाही, आणि झोपेचा प्रश्न असलेल्याचा जबडा तर हजारोंचं जेवण एका बैठकीत संपवण्याइतका शाबूत होता. यावरून संबंधच नाही असं सिद्ध करू पाहणाऱ्याला एवढंच म्हणता येईल, की दोन रुग्णांचा अभ्यास कॉस्टन यांच्या अकरांपेक्षाही लहान आहे. उणकलला चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचं देऊळ आहे. त्या काळच्या देवळांवर मोठ्या डोळ्यांचं, सुळे काढलेलं कीर्तिमुख कोरायची पद्धत होती. शतकानुशतकं डोळे सताड उघडे, क्षणाचीही झोप नाही, आणि तरी चेहऱ्यावर दुखण्याचं चिन्ह नाही. पण त्याला बहुधा खालचा जबडाच कोरलेला नसतो. जबड्याच्या दुखण्यावरचा तो एकमेव कायमचा उपाय; तो सर्वांना परवडणारा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी : हे सगळं खरं मानलं तरी रात्री दातांवर बसवायचा नाईट गार्ड घेतल्यापासून अमक्याला बरं वाटतं, त्याचं काय? बरं वाटत असेल तर आनंद आहे, आणि झिजणाऱ्या दातांना आडोसा म्हणून त्याचा उपयोग नाकारण्याचं कारण नाही. पण दुखणं घालवण्याच्या कामी त्याची योग्यता किती? डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी आंतरराष्ट्रीय जाणकारांची मार्गदर्शक शिफारस छापली. ठाम शिफारस मिळाली ती विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराला, देखरेखीखाली केलेल्या जबड्याच्या आणि मानेच्या व्यायामाला, हातानं सांधा मोकळा करण्याला. काढता-घालता येणाऱ्या गार्डच्या बाजूनं कौल पडला नाही, विरोधातच पडला, जरा मऊ शब्दांत. आणि चाव्याची ठेवण कायमची बदलून टाकणारे प्रकार, सांध्यातली चकती कापून काढणं, यांना तर स्पष्ट नको म्हटलं. याचा अर्थ सरळ आहे. बोलणं, हलवणं, शिकवणं हे पुढे. घासणं, कापणं, बसवणं मागे. पण व्यायाम खोक्यात घालून देता येत नाही आणि गार्ड देता येतो, म्हणून दुकानात गार्ड दिसतो. झिजलेल्या दातांचा पुरावाही फार टिकाऊ नाही. झीज हा इतिहास आहे, वर्तमानपत्र नव्हे. ती दहा वर्षांपूर्वीची असू शकते, भाकरीच्या पिठात उतरलेल्या जात्याच्या कचेची असू शकते, लिंबाच्या आणि सोड्याच्या आंबटाची असू शकते. झिजलेला दात पाहून काल रात्रीबद्दल छातीठोक बोलणारा ज्योतिषी असतो, दंतवैद्य नव्हे.

चौथा आक्षेप हा आक्षेप नसून पळवाट आहे : सगळं टेन्शनमुळे होतं. या निदानाचं सौंदर्य असं की ते कधीच चुकत नाही, कारण टेन्शन नसलेला माणूस अजून दवाखान्यात आलेला नाही. जबड्याचं दुखणं स्त्रियांत पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि स्त्रीनं दुखणं सांगितलं की टेन्शनचा शिक्का उचलायला हात आपोआप पुढे होतो. मनावरचा ताण हे या दुखण्याचं एक खरं कारण आहे, ओपेरानंही ते नाकारलेलं नाही. पण ‘टेन्शन घेऊ नका’ हा उपचार नव्हे; ती सूचना आहे, आणि तिचा खर्च ऐकणाऱ्यानं करायचा असतो. त्याऐवजी झोपेची चौकशी केली तर हाताला काही तरी लागतं. पडल्यावर झोप यायला किती वेळ लागतो, रात्रीतून किती वेळा जाग येते, सकाळी उठल्यावर तोंड कोरडं असतं का, डोकं जड असतं का, घोरता का, घोरता-घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं रुग्णाला ठाऊक नसतात. ती त्याच्या बायकोला किंवा तिच्या नवऱ्याला ठाऊक असतात. संसारात एकमेकांविरुद्ध साक्ष देण्याची इतकी विधायक संधी दुसरी मिळायची नाही. आणि याची उत्तरं निघाली तर पुढचा रस्ता खरा असतो : श्वासाच्या विकारावर उपचार आहे, निद्रानाशावर गोळीवाचूनचा उपचार आहे. टेन्शनवर फक्त प्रवचन आहे.

न्यायाच्या गोष्टी करायच्या तर उलट बाजूचं एक प्रकरण इथे दाखल करायलाच हवं, आणि ते हसण्यावारी नेण्याचं नाही. लहानपणी हनुवटीवर पडल्यानं किंवा कानाच्या संसर्गानं जबड्याचा सांधाच हाडानं जखडून जातो, हा विकार आपल्या देशात दुर्लक्षामुळे अजून दिसतो. तोंड उघडत नाही. त्याहून वाईट म्हणजे खालचा जबडा वाढत नाही. हनुवटी मागे राहते, जीभ घशाकडे सरकते, झोपेत श्वासाची वाट बंद होते. घरच्यांना वाटतं, पोर गाढ झोपलंय, केवढं घोरतंय! ते पोर रात्रभर श्वासासाठी झगडत असतं. इथे दोषी निर्विवाद सांधाच आहे आणि झोप त्याचा बळी. उपायही तिथेच आहे : जखडलेला सांधा मोकळा करणं, आणि गरजेप्रमाणे जबड्याचं हाड कापून दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं हळूहळू लांबवणं. सत्तूरच्या दंत महाविद्यालयात चेहरा आणि कवटीच्या व्यंगांवरच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभागच आहे. अशा मुलासाठी धारवाडची बस हीच बरोबर बस. या प्रकरणानं आधीचं म्हणणं कापलं जात नाही, पक्कंच होतं. जबडा आणि झोप यांचा व्यवहार श्वासाच्या वाटेनं, स्नायूंच्या वाटेनं, मेंदूच्या वाटेनं, असा चहूकडून चालतो, आणि पैसा दोन्ही दिशांना फिरतो. श्वास अडखळणाऱ्या मोठ्या माणसाला रात्री खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं साधन देतात. श्वास सुटतो, झोप लागते, आणि सुरुवातीच्या दिवसांत सकाळी जबडा मात्र कुरकुरतो. एकाचं देणं दुसऱ्यानं फेडायचं, हा तर या जोडीचा जुनाच रिवाज आहे.

मग हे दोन विषय एका टेबलावर आजवर का आले नाहीत? कारण रोग्याचा नाही, कारकुनीचा आहे. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंत महाविद्यालय निघालं, कलकत्त्याला १९२० साली आपलं पहिलं निघालं, आणि १९४८ साली दंतवैद्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही झाला. दंतविद्येला त्यानं मान मिळाला, शिस्त आली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर तोंडाचा जिल्हा शरीरापासून वेगळा झाला. दातांच्या डॉक्टरांनी श्वासाचं विचारायचं नाही, श्वासाच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगायचं ते जीभ पाहण्यापुरतं. सत्तूरला तर आता दंत आणि वैद्यकीय अशी दोन्ही महाविद्यालयं एकाच आवारात आहेत. तिथे एका इमारतीतून दुसरीत चिठ्ठी पाठवायला बस लागत नाही, फक्त विचारण्याची सवय लागते. झोप हेच जबड्याच्या दुखण्याचं एकमेव कारण आहे असा दावा इथे कुणी करत नाही. एकाच कारणाचा हट्ट हाच तर १९३४ पासूनचा रोग आहे. मागणी त्याहून फार लहान आहे. जबड्याचा फोटो काढण्याच्या आधी एक प्रश्न रात्रीबद्दल विचारावा, आणि झोपेची तक्रार घेऊन आलेल्याला एकदा तीन बोटं तोंडात घालायला सांगावीत. दोन्ही गोष्टी फुकट आहेत. बहुधा त्यामुळेच अजून रूढ झालेल्या नाहीत. त्या रूढ झाल्या तर निदान दातांची निर्दोष सुटका होईल. झोपेवरचा खटला मात्र लांबणारच, कारण हा एकच आरोपी असा आहे की जो तपासाला आलेल्या माणसाला पाहिलं की हमखास पळून जातो.